जाड टायर टाकल्यावर गाडी घाटात जास्त का डुलते? (टायरची पकड, टपावरचं सामान आणि पलटी)

घाटवाटा
नमस्कार मंडळी. गेल्या महिन्यात गाडीचे चारही टायर बदलले. मूळ साइज २१५/७५ आर १५ होती, दुकानदार म्हणाला २३५/७५ टाका साहेब, गाडी दमदार दिसते आणि रस्त्याला घट्ट बसते. टाकले. गणपतीला गावी जाताना ताम्हिणी उतरत होतो, गाडीत पाच माणसं, टपावर कॅरिअर आणि त्यावर मखराचं सामान, दोन मोठ्या बॅगा आणि आईचं जुनं शिलाई मशीन. रस्ता कोरडा, काट्यावर ४० असेल. एक उजवं वळण संपतंय तोच लगेच डावं आलं, आणि गाडीने असं अंग टाकलं की मागच्या सीटवरून एकदम ओरडा झाला. मला वाटलं डावीकडची चाकं उचललीच.

प्रश्न असा, की जुन्या टायरवर जोरात वळवलं तर टायर आधी किंचाळायचे, थोडे सरकायचे, कळायचं की बस आता. या वेळी टायरचा आवाजच नाही, गाडीच अंगावर आली. मग जास्त पकड असलेला टायर गाडीला सावरतो की पाडतो? कुणाला नीट माहिती असेल तर सांगा, कारण परत याच रस्त्याने यायचंय आणि खरं सांगतो, भीती बसलीय.

कुशाग्र७७
रुंद टायर म्हणजे जास्त रबर रस्त्यावर, म्हणजे गाडी जास्त स्थिर. साधी गोष्ट आहे. दोष टपावरच्या सामानाचा असणार.

मेघना_प
बापरे. सगळे सुखरूप ना? शिलाई मशीन टपावर का चढवलं पण, ते केवढं जड असतं!

घाटवाटा
सुखरूप आहोत मेघनाताई. डिकीत फराळाचे डबे आणि मूर्तीचा पाट होता, तो टपावर ठेवायला आईने साफ नकार दिला.

रबरमाणूस
मी टायरच्या चाचण्यांच्या कामात बरीच वर्षं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

कुशाग्र, तुमचं अर्धं बरोबर आहे. आधी टायर बाजूचा जोर कसा तयार करतो ते बघू. एवढी मोठी गाडी, पण एका टायरचा रस्त्याला टेकलेला भाग साधारण पोस्टकार्डाएवढा असतो. आपण स्टिअरिंग वळवतो तेव्हा चाक ज्या दिशेला तोंड करून असतं आणि प्रत्यक्षात ज्या दिशेला जातं त्यात थोडा फरक पडतो, काही अंशांचाच. त्याला स्लिप अँगल म्हणतात. स्लिप म्हटलं तरी टायर घसरत नसतो, टेकलेलं रबर रस्त्याला धरून बसतं आणि वरचा टायर बाजूला खेचला जातो, त्यामुळे रबर ताणलं जातं. हा ताण म्हणजेच गाडीला वळवणारा जोर. तीनचार अंशांपर्यंत कोन वाढवला की जोर जवळजवळ त्याच प्रमाणात वाढतो, मग वाढ मंदावते, आणि आठदहा अंशांच्या आसपास टायर म्हणतो आता यापेक्षा जास्त नाही. त्याच्या पुढे खरं घसरणं. जुने टायर किंचाळायचे ते या शेवटच्या टप्प्याजवळ.

आता मुख्य मुद्दा. हा जोर लागतो जमिनीपाशी, आणि गाडीचा गुरुत्वमध्य असतो वर, ६०-७० सेंमीवर. टायर खालून आत खेचतोय आणि वरचं वजन सरळ जायला बघतंय, म्हणून गाडी बाहेरच्या बाजूला कलते. गाडी वळवणारा जोर तोच आणि उलटवणारा जोरही तोच. टायरला पकडच नसती तर सपाट रस्त्यावर गाडी कधी उलटलीच नसती, नुसती सरकली असती. घाटवाटा, तुमच्या प्रश्नाचं उत्तर दोन्ही, सावरतोही आणि पाडतोही. आधी कुठली मर्यादा येते, घसरायची की उलटायची, यावर सगळं आहे.

टेकडीवरचा_गणेश
वाचनखूण साठवली. पण मर्यादा काढायची कशी? आकड्यात सांगा ना सर.

रबरमाणूस
गणेश, सोपं आहे. डावं आणि उजवं चाक यांच्यातलं अंतर घ्या, त्याचं निम्मं करा, त्याला गुरुत्वमध्याच्या उंचीने भागा. जो आकडा येतो तेवढ्या 'जी'चा (१ जी म्हणजे गाडीच्या स्वतःच्या वजनाएवढा) बाजूचा जोर लागला की आतली चाकं उचलतात. ठेंगण्या सेडानचा १.३ ते १.५ येतो, उंच एसयूव्हीचा १.१ च्या आसपास.

घाटवाटांची गाडी समजा, चाकांमधलं अंतर १५० सेंमी, पाच माणसांसकट १९०० किलो आणि गुरुत्वमध्य ७० सेंमीवर. ७५ भागिले ७०, म्हणजे १.०७. आता टपावर १०० किलो ठेवले, ते जमिनीपासून १९० सेंमीवर. नवा गुरुत्वमध्य ७६ सेंमी. टायर बदलून व्यास ३० मिमीने वाढला, म्हणजे गाडी आणखी दीड सेंमी वर, ७७.५. आकडा आला ०.९७. हे सगळं कागदावर, गाडी दगडासारखी ताठ धरून. प्रत्यक्षात स्प्रिंग दबतात, टायर दबतो, वजन बाहेरच्या बाजूला सरकतं, त्यात आणखी १०-१५ टक्के जातात. उरले ०.८२ ते ०.८७.

कोरड्या डांबरावर चांगल्या टायरची पकड किती? ०.८ ते ०.९ जी. म्हणजे पूर्वी गाडी आधी घसरायची आणि घसरून तुम्हाला सावध करायची. आता घसरायची मर्यादा आणि उलटायची मर्यादा एकाच जागी येऊन बसल्यात. टायर ओरडला नाही याचं कारण हे.

अभय_गणिती
रबरमाणूस, प्रतिसाद उत्तम, पण एक शंका. घाटातलं वळण ३० मीटर त्रिज्येचं धरलं आणि वेग ४०, तर बाजूचा जोर ०.४२ जी येतो. ०.८ च्या निम्मा. म्हणजे चाकं उचलायला अजून बरीच जागा होती. घाटवाटांना जे वाटलं तो भास होता, नाही का?

रबरमाणूस
अभय, बरोबर पकडलंत. चाक उचललं नसणार. पण ०.४२ ला आतल्या चाकांवरचं ४३ टक्के ओझं बाहेरच्या चाकांवर गेलेलं असतं, गाडी कलल्यामुळे त्याहून थोडं जास्तच. आतली बाजू हलकी लागणं खरं आहे, भास नाही.

आणि दोन गोष्टी राहिल्या. एक, काटा. व्यास वाढला की काटा कमी दाखवतो. ७०३.५ मिमीचा टायर ७३३.५ मिमीचा झाला, सव्वाचार टक्के. काट्यावर ४० म्हणजे खरे जवळपास ४२, आणि ८० म्हणजे ८३ च्या पुढे. वळणातला जोर वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणून सव्वाचार टक्के वेगाला जोर जवळजवळ पावणेनऊ टक्के जास्त.

दुसरी जास्त महत्त्वाची. तुमचं गणित एकाच वळणात स्थिर फिरणाऱ्या गाडीचं आहे. त्यांनी सांगितलंय उजवं संपतंय तोच डावं. उजव्या वळणात गाडी डावीकडे कललेली, डावीकडच्या स्प्रिंग दबलेल्या. एकदम डावीकडे वळवलं की त्या दबलेल्या स्प्रिंग सुटतात आणि गाडीला उजवीकडे ढकलतात, वर नव्या वळणाचा जोर. झोपाळ्याला नेमक्या वेळी धक्का दिल्यासारखं. वर ठेवलेलं शिलाई मशीन या झोक्यात फार मोठं काम करतं.

प्रभाकर_काका
मी एसटीत ३१ वर्षं स्टिअरिंग धरलं. वरचे आकडे मला कळले नाहीत पण गोष्ट तीच आहे जी आम्हाला आमच्या वस्तादांनी शिकवली. टपावर माल असला की वळणाच्या आधी गिअर पाड, वळणात ब्रेकला पाय लावू नको, आणि एक वळण संपून गाडी सरळ बसल्याशिवाय दुसऱ्यात घालू नको. पूर्वी टपावर कोंबड्यांच्या डालग्यांपासून आंब्याच्या पेट्यांपर्यंत सगळं असायचं. आंब्याच्या दिवसांत कोकणातून वर घाट चढताना गाडी वेगळीच लागायची, स्टिअरिंग हातात असून गाडी दुसऱ्याच्या हातात असल्यासारखी.

आणखी एक सांगतो. मागे जोडचाकं असतात. आतल्या चाकाची हवा गेली तर बाहेरून दिसत नाही, बाहेरचं चाक गाडी उचलून धरतं. पण वळणात गाडी त्या बाजूला बसते. म्हणून डेपोतून निघताना टॉमीने प्रत्येक चाक ठोकायचं, आवाजावरून कळतं. हल्लीची पोरं ठोकत नाहीत, त्याचं वाईट वाटतं. अर्ध्या मिनिटाचं काम आहे.

मेघना_प
काका, दंडवत. 'गाडी सरळ बसल्याशिवाय दुसऱ्या वळणात घालू नको' हे मी आज नवऱ्याला वाचून दाखवणार आहे.

कुशाग्र७७
ओके, टायरचं पटलं. पण मग डुलणं कमी करायचा सोपा उपाय आहे, मागे जाड अँटी रोल बार (डावंउजवं चाक जोडून गाडीचं कलणं कमी करणारा दांडा) टाका. माझ्या मित्राने टाकलाय, गाडी वळणात पाटासारखी सरळ राहते.

रबरमाणूस
थांबा थांबा, हे घाईने करू नका. बार टाकला की गाडी कमी कलते, मान्य. पण बाहेरच्या चाकावर ओझं जाणं त्याने थांबत नाही, उलट ज्या अ‍ॅक्सलवर बार जाड त्या अ‍ॅक्सलवर ओझ्याची जास्त अदलाबदल होते. आणि टायरचा एक स्वभाव आहे, ओझं दुप्पट केलं तर बाजूचा जोर दुप्पट मिळत नाही, कमी मिळतो. समजायला आकडे घेतो. दोन टायरवर ५००-५०० किलो असेल तर समजा प्रत्येकी ४५०, मिळून ९०० किलोचा जोर मिळाला. तेच वजन ८०० आणि २०० असं वाटलं, तर बाहेरचा समजा ६४० देईल, आतला १९६, मिळून ८३६. वजन तेवढंच, पकड कमी.

हे मागच्या अ‍ॅक्सलवर झालं की मागची चाकं आधी सुटतात आणि गाडी भोवऱ्यासारखी फिरते. गाडी आडवी झाली आणि बाजूने सरकत साइडपट्टीच्या मातीत गेली की पुढे काय होतं ते सांगायला नको. कलणारी गाडी ड्रायव्हरला घाबरवते, पण घाबरलेला ड्रायव्हर पाय काढतो. न कलणारी गाडी शेवटपर्यंत काहीच सांगत नाही.

मोळीवाला
साइडपट्टीचा विषय निघाला म्हणून लिहितो. मी कोल्हापूरकडचा, सीझनला कारखान्याला ऊस घालतो. ट्रॅक्टरमागं दोन ट्रॉल्या. आमच्याकडं ट्रॉली पलटी झाली म्हणजे लोक म्हणत्यात वळणात वेग जास्त होता. आमच्या भागात मी बघितल्याल्या निम्म्याहून जास्त पलट्या सरळ रस्त्यावर झाल्यात. समोरनं गाडी आली, बाजू द्यायला एक चाक डांबरावरनं खाली उतरलं, साइडपट्टी मऊ, चाक रुतलं. ड्रायव्हर घाबरून एकदम वर घेतो. चाकाची कड डांबराच्या कडेला अडती आणि वरचा ऊस चालतच राहतो. झालं.

आणि मागची ट्रॉली लई वंगाळ. पुढं ट्रॅक्टर जरासा हलला तर पहिली ट्रॉली त्याच्यापेक्षा जास्त हलती आणि दुसरी तिच्यापेक्षा जास्त, शेपटीगत. ट्रॉलीला ना स्प्रिंग ना ब्रेक, टायर बहुतेक रिमोल्ड, हवा अंदाजानं. मी गेल्या सीझनपासून दोन्ही ट्रॉल्यांच्या हवा गेज लावून बघतो आणि मोळ्यांचा थर एकानं कमी भरतो. खेपा वाढल्या, डिझेल वाढलं. पण गेल्या वर्षी शेजारच्या गावातला पोरगा ट्रॉलीखाली गेला, त्याच्या घरी मी बसून आलोय, त्यामुळं डिझेलचा हिशोब मी करत नाही.

टेकडीवरचा_गणेश
मोळीवाले दादा, वाचून सुन्न झालो.

रबरमाणूस
मोळीवाला भाऊ, तुम्ही जे लिहिलंय ते अगदी खरं आहे, गाड्यांच्या बाबतीतही बहुतेक पलट्या अशाच होतात. नुसत्या टायरच्या पकडीने सेडान उलटत नाही, तिचा आकडा १.३ आणि पकड ०.९. पण चाक दुभाजकाला, खड्ड्याच्या कडेला, मऊ मातीला अडलं की पकड ०.९ राहत नाही, ती कितीही होऊ शकते. आणि हवा कमी असेल तर बाजूच्या जोराने टायरची कड रिमवरून निसटते, मग रिम रस्त्यात रुतते, तेही अडणंच.

सांगलीकर_संदीप
याला जोडून टँकर. माझे मामा दुधाचा टँकर चालवतात. ते म्हणतात पूर्ण भरलेला चालतो, पूर्ण रिकामा चालतो, अर्धा नको. अर्ध्या टँकरमध्ये वळणात दूध बाहेरच्या भिंतीवर चढतं, म्हणजे गुरुत्वमध्य कललेल्या बाजूलाच सरकतो. टाकीत आडव्या पत्र्याच्या भिंती असतात त्या पुढेमागे होणारी उसळ अडवतात, डावीउजवीकडची नाही. आणि दुधाच्या टँकरला धुण्यासाठी आतून मोकळी टाकी लागते, त्यामुळे बरेचदा त्या भिंतीही नसतात. साताऱ्याकडून पुण्याला येताना खंबाटकीचा बोगदा संपल्यावर जे एस वळण आहे, तिथे मामा गाडी पार रांगायला लावतात. मागचे हॉर्न वाजवतात, वाजवू देतात.

अभय_गणिती
संदीप, त्या एस वळणाचं आता डोक्यात बसलं. भरलेल्या उंच ट्रकचा उलटायचा आकडा किती असतो?

रबरमाणूस
भरण्यावर आहे, पण ०.३५ ते ०.५ धरा. तुमचंच ३० मीटरचं वळण घ्या. कोरड्या रस्त्यावर कार साधारण ५५ ला घसरेल. ०.४ वाला ट्रक ३९ लाच उलटेल, टायर न घसरता. म्हणून कारवाल्याने ट्रकच्या मागे 'हा एवढा हळू का' म्हणून चिडू नये. आणि गंमत बघा, पावसात पकड ०.४ वर आली की कारची मर्यादाही ३९ वरच येते, फक्त कार घसरते.

पूर्वा_म्युनिक
इथे म्युनिकला आल्यावर लायसन्सच्या वेळी शिकवणाऱ्याने १९९७ ची गोष्ट सांगितली होती. मर्सिडीजची नवी ए क्लास आली होती, उंच आणि आखूड. स्वीडनमधल्या एका मोटार मासिकाने तिची एल्क टेस्ट घेतली, म्हणजे रस्त्यात अचानक ते मोठं हरीण आलं तर झटकन डावीकडे आणि झटकन परत उजवीकडे. गाडी उलटली. वर रबरमाणसांनी झोपाळा म्हटलंय ना, तेच. कंपनीने मग सस्पेन्शन बदललं आणि त्या गाडीला ईएसपी स्टँडर्ड दिलं, जे तोपर्यंत महागड्या गाड्यांतच असायचं. एवढ्या छोट्या गाडीत ते आलं ते त्या एका चाचणीमुळे.

टेकडीवरचा_गणेश
पूर्वाताई, ईएसपी नेमकं करतं काय? पलटी कशी थांबवतं?

पूर्वा_म्युनिक
मला समजलं तेवढं सांगते. स्टिअरिंग कुठे वळलंय आणि गाडी खरोखर किती फिरतेय हे ते सारखं ताडून बघतं. मागची चाकं सुटायला लागली तर बाहेरच्या बाजूचं पुढचं एकच चाक ब्रेक करतं, गाडीचं फिरणं थांबतं. चुकत असेन तर रबरमाणूस सांगतील.

रबरमाणूस
अजिबात चुकलं नाही. त्यात एक भर. टायरची पकड म्हणजे घागरीतलं पाणी, ब्रेकला ओतलं की वळायला तेवढं कमी उरतं. बाहेरच्या पुढच्या चाकाला ब्रेक लावला की त्याचा बाजूचा जोर कमी होतो, आणि उलटवणारा जोर तोच असल्यामुळे गाडी थोडी रुंद वळते पण चाकांवर राहते. प्रभाकर काकांचं 'वळणात ब्रेक नको' हे याच घागरीचं दुसरं टोक. आपण ब्रेक मारतो तेव्हा ओझं पुढे जातं, मागची चाकं हलकी होतात आणि मागची बाजू सुटते.

श्रीधर_रिक्षा
रिक्षावाल्यांनाही हे चांगलं माहीत असतं. पुढे एकच चाक. वळणात ब्रेक मारला की वजन पुढे बाहेरच्या कोपऱ्यात जातं, आणि तिथे चाकच नाही. म्हणून रिक्षा नुसत्या वळण्यापेक्षा वळणातल्या ब्रेकनेच जास्त उलटते. पॅसेंजर पुढे ड्रायव्हरशेजारी बसवला तर आणखी वाईट.

कुशाग्र७७
माझा बारचा सल्ला मागे घेतो. आता एक माझा अनुभव, विषय टायरचाच. दोनच नवे टायर घ्यायचे होते, दुकानात पुढे बसवून दिले, म्हणाले इंजिन पुढे आहे, ओढतात पुढची चाकं, नवे तिथेच पाहिजेत. मागचे निम्मे झिजलेले. जुलैत पावसात फ्लायओव्हरच्या उताराच्या वळणावर साचलेलं पाणी होतं, पुढची चाकं मस्त गेली आणि मागची बाजू तरंगली. गाडी आडवी होऊन कठड्याला घासली. लेकीचं शाळेचं दप्तर मागच्या सीटवर होतं, ती नव्हती, एवढंच डोक्यात होतं तेव्हा. नवे टायर पुढे की मागे?

रबरमाणूस
मागे. गाडी पुढून ओढणारी असो की मागून ढकलणारी. पुढची चाकं आधी घसरली तर गाडी सरळ जाते, पाय काढला की बहुतेक वेळा परत धरते. मागची आधी घसरली तर फिरते, आणि फिरलेली गाडी सावरणं रोजच्या ड्रायव्हरच्या हातात राहत नाही. कायद्याने नक्षी १.६ मिमीपर्यंत चालते, पण पावसाळ्याआधी ३ मिमीच्या खाली आलेला टायर मी ठेवत नाही.

दिवेआगरचा_मंदार
हवा कमी ठेवली की पकड वाढते असं आमच्याकडे येणारे पर्यटक म्हणतात आणि घाट उतरतानाच कमी करतात.

रबरमाणूस
मंदार, वाळूत खरं आहे, टायर पसरतो आणि रुतत नाही. डांबरावर नाही. कमी हवेत टायरची बाजूची भिंत लुळी पडते, स्टिअरिंग वळवल्यावर जोर यायला उशीर होतो, ड्रायव्हर आणखी वळवतो, मग जोर एकदम येतो. घाटवाटा, तुमची हवा किती होती?

घाटवाटा
सर, आता सांगायला लाज वाटतेय. रस्ते खराब म्हणून आरामासाठी २६ ठेवली होती. ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावरचा स्टिकर काल पहिल्यांदा वाचला, त्यावर पूर्ण ओझ्याला वेगळा आकडा आहे.

काल रात्री परत आलो. कॅरिअर गावीच काढून ठेवलं. नारळ आणि तांदूळ डिकीत सगळ्यात खाली, बॅगा सीटखाली, हवा स्टिकरप्रमाणे. मशीन आईकडेच राहिलं, आता ती गावालाच शिवणार म्हणते. प्रभाकर काकांचं वाक्य बायकोने पूर्ण घाटभर म्हटलं, 'सरळ बसू दे, मग घाल.' तीच गाडी, तेच टायर, पण त्या जागी ओरडा झाला नाही. मी काट्यावर ३० ठेवला होता हेही खरं. टायर पुढच्या महिन्यात मूळ साइजचे घेणार आहे.

तोपर्यंत एक शंका. स्टेपनी जुनी, २१५ चीच आहे. मधे पंक्चर झालं तर लावू का?

प्रभाकर_काका
लाव बाळा, पण पुढच्या पंक्चरवाल्यापर्यंतच, आणि हळू. एकाच अ‍ॅक्सलला लहान मोठी चाकं असली की गाडी लहानाच्या बाजूला बसते आणि डिफरन्शियल, म्हणजे वळणात दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरची पेटी, सरळ रस्त्यावरही काम करत राहतं. आणि निघण्याआधी स्टेपनीची हवा बघ. तिच्याकडे कुणीच बघत नाही.